पडद्याची डावी बाजू

मिरजेच्या गतिनिदान केंद्रात नवीन माणूस रुजू झाला की पहिल्या आठवड्यातच कुणीतरी त्याला खरवंडीकर सरांची ती लग्नातली गोष्ट सांगायचं. सर एका विद्यार्थ्याच्या लग्नाला गेले होते. पंगतीत जिलबी वाढणाऱ्या एका तरुणाकडे ते घास हातात धरून बघत राहिले, मग जेवण तसंच टाकून उठले आणि त्याला बाजूला घेऊन म्हणाले, "उद्याच्या उद्या पाठीच्या कण्याची तपासणी करून घे." त्या तरुणाला काही त्रास होत नव्हता. तपासणीत कण्याला चिकटलेली वाटाण्याएवढी गाठ निघाली. आणखी काही महिने गेले असते तर तो कायमचा अंथरुणाला खिळला असता.

गोष्ट खरी होती. ऋजुता मुतालिक त्या पंगतीत सरांच्या समोरच बसली होती. तेव्हा ती फिजिओथेरपीच्या शेवटच्या वर्षाला होती, आणि शिकायचं तर याच माणसाच्या हाताखाली, हे तिने तिथेच ठरवून टाकलं होतं.

त्याला आता बारा वर्षं झाली होती. केंद्रात डॉ. अच्युत खरवंडीकरांच्या खालोखाल तिचा शब्द चालायचा. सरांना मूलबाळ नव्हतं. त्यांच्या पत्नी कुंदाकाकू सणावाराला ऋजुतासाठी वेगळा डबा काढून ठेवायच्या, आणि सर निवृत्त झाले की त्यांच्या खुर्चीवर कोण बसणार हे केंद्रात कुणी कुणाला विचारत नसे.

चालीचं परीक्षण हे काम दिसतं तितकं सोपं नाही. पाय जमिनीला टेकल्यापासून तोच पाय पुन्हा टेकेपर्यंत सेकंदभराचाच वेळ जातो. तेवढ्यात टाच आधी टेकली की चवडा, गुडघा किती सरळ झाला, कंबर कुठल्या बाजूला खचली, हे सगळं बघायचं असतं. एकच मूल तीन नवख्या परीक्षकांना दाखवा, तिघांची तीन उत्तरं येतात. त्यांची नजर भिरभिरते. अनुभवी माणसाची नजर मात्र नेमकी हवी तिथे जाते आणि तिथेच थांबते. पण ही नजर कुणाला देता येत नव्हती. जाणती माणसं निवृत्त व्हायची आणि जाताना ती सोबत घेऊन जायची.

'मागोवा' या यंत्रणेने हे बदललं. सरांसाठी एक खास चष्मा बनवला गेला. त्याच्या काड्यांत बसवलेले बारीक कॅमेरे बुबुळांची हालचाल टिपायचे. समोर मूल चालत असताना सरांची नजर कुठे गेली, कुठे किती रेंगाळली, कुठून परत फिरली, याचा नकाशा तयार व्हायचा. अशा हजारो मुलांच्या नकाशांवरून संगणक सरांसारखं बघायला शिकला. मग शिकाऊ परीक्षकांना याच्या उलट काम करणारे चष्मे दिले गेले. मूल चालायला लागलं की काचेवर मंद केशरी ठिपका हलायचा, सरांची नजर जिथे गेली असती बरोबर तिथे. ठिपक्यामागे नजर न्यायची, एवढंच काम. दोन-तीन महिन्यांनी ठिपक्याची गरज उरत नसे. सरांची तीस वर्षं माणसाच्या डोळ्यांत मुरलेली असत. आणि जिथे परीक्षकच नव्हते अशा तालुक्याच्या रुग्णालयांत मागोवा स्वतःच व्हिडिओ बघून अहवाल द्यायचा. दर तिमाहीला सरांच्या नजरेचे ताजे नकाशे त्यात भरले जात, म्हणजे यंत्र शिळं होऊ नये, आणि तेव्हा जुने परीक्षकही उजळणी म्हणून काही दिवस पुन्हा चष्मा लावत.

आता आरोग्य खात्याला मागोवा राज्यभर न्यायचा होता. त्यापूर्वी त्यांना एका प्रश्नाचं उत्तर हवं होतं: परीक्षकाच्या अनुभवाने निदानाच्या भरवशात किती फरक पडतो, आणि मागोवा तो फरक भरून काढतो का? हा अभ्यास ऋजुताकडे आला.

"हे म्हणजे सूर्य उगवतो का ते तपासण्यासारखं आहे," सर हसत म्हणाले होते. "पण कर. सरकारला कागद लागतो."

ऋजुताने कामात कसर ठेवली नाही. परीक्षकाचा भरवसा मोजायचा तर त्याला तोच व्हिडिओ काही दिवसांनी पुन्हा दाखवावा लागतो आणि उत्तर तेच येतं का ते बघावं लागतं. पण जाणते परीक्षक चेहरा विसरतील, चाल विसरत नाहीत. "हिला मागे बघितलंय" म्हणून जुनंच उत्तर देऊन मोकळे होतात. म्हणून तिने एक युक्ती केली. दुसऱ्या खेपेला सगळे व्हिडिओ आरशात बघितल्यासारखे उलटे केले. उजवा पाय डावा झाला, डावा उजवा. ज्याला खरंच दिसतंय त्याचं उत्तरही तसंच उलटं होऊन यायला हवं होतं. तिने हे कुणालाही सांगितलं नाही, सरांनाही नाही. व्हिडिओ उलटे करण्याचं काम बाहेरच्या माणसाकडून करून घेतलं आणि इतरांसारखीच तीही परीक्षेला बसली.

त्या व्हिडिओंमध्ये समृद्धी कोळेकरचा एक होता. समृद्धी नऊ वर्षांची, जत तालुक्यातली. जन्मतः मेंदूला प्राणवायू कमी पडल्यामुळे तिच्या पायांचे स्नायू आखडलेले होते. ती चवड्यांवर, गुडघे एकमेकांना घासत चालायची आणि तरीही जिन्यावर कुणाचा हात धरायची नाही. तिची आई स्वप्नाली दर भेटीत एकच प्रश्न विचारायची, "मॅडम, आमची पोरगी पळंल का वो?" डाव्या पायाचे स्नायू सैल करायची शस्त्रक्रिया ठरली होती. उजवा पाय चांगला आहे, तो भार पेलेल, असा अहवाल होता. अहवाल सरांचा होता आणि खाली सही ऋजुताची.

निकाल शनिवारी दुपारी आले. पहिला तक्ता अपेक्षेसारखाच होता. नुकत्याच आलेल्या, चष्मा अजून न लावलेल्या परीक्षकांची उत्तरं वाऱ्यावर उडाल्यासारखी विखुरलेली. जसजसा अनुभव वाढत जाईल तसतसं एकमत वाढत गेलेलं. मागोवाचे परीक्षक, केंद्रातले वरिष्ठ आणि सर, या सगळ्यांचं एकमत सत्त्याण्णव टक्के. ऋजुताला बरं वाटलं. सूर्य उगवत होता.

मग तिने उलट्या व्हिडिओंचा तक्ता उघडला.

तिला आधी वाटलं, व्हिडिओ उलटे करणाऱ्याने काही घोळ घातला. नवख्यांची उत्तरं विखुरलेली होती, पण व्हिडिओबरोबर त्यांची बाजूही फिरली होती. अनुभवी लोकांची फिरलीच नव्हती. सरळ व्हिडिओत समृद्धीचा डावा पाय वाईट आणि उजवा चांगला. उलट्या व्हिडिओतही तिचा डावा वाटणारा पाय वाईट आणि उजवा वाटणारा चांगला. पण उलट्या व्हिडिओत डावा वाटणारा पाय म्हणजे खरं तर तिचा उजवा! आधी जो पाय चांगला ठरवला, तोच आता वाईट ठरला होता.

मुलं कॅमेऱ्याकडे तोंड करून चालत येतात. त्यामुळे त्यांचा उजवा पाय पडद्याच्या डाव्या बाजूला दिसतो. ऋजुता एकेक नाव, एकेक मूल तपासत गेली. सगळीकडे तेच. पडद्याच्या डाव्या बाजूचा पाय, मग तो कुणाचाही असो, कसाही असो, 'चांगला' ठरत होता. चूक सगळ्यात जास्त सरांची होती. त्यांच्याखाली जो जितकी जास्त वर्षं मागोवाबरोबर होता तितकी त्याची चूक मोठी.

सरांच्या खालोखाल तिचं स्वतःचं नाव होतं.

"शक्य नाही," ती मोठ्याने म्हणाली. खोलीत कुणी नव्हतं.

तिने समृद्धीचा व्हिडिओ लावला. फिकट निळा फ्रॉक, जमिनीवर चालण्याचा पांढरा पट्टा, पट्ट्यावरून येणारी पोरगी. डावा पाय आखडलेला, उजवा बरा. तिने पुन्हा बघितला. उजवा बराच होता. आता ती मुद्दाम उजव्या पायाकडे बघत होती आणि तरी तिला 'बरा' हा शब्दच दिसत होता, पाय दिसत नव्हता. तिने टेबलावरची फाइल उचलली, पडद्याचा उजवा अर्धा भाग झाकला आणि व्हिडिओ सुरू केला.

आता पडद्यावर एकच पाय होता. त्याची टाच जमिनीला टेकतच नव्हती. गुडघा वाकलेलाच राहत होता आणि मांडी आत वळत होती. अगदी डाव्या पायासारखीच, किंबहुना थोडी जास्तच. कुणीतरी आत्ताच तो पाय तिथे आणून ठेवल्यासारखं वाटलं. तिने फाइल बाजूला केली. दोन्ही पाय दिसायला लागले आणि उजवा पुन्हा बरा झाला.

ऋजुता खुर्चीवरून उठली आणि बेसिनपाशी जाऊन तोंडावर पाणी मारत राहिली. तिचे डोळे ठणठणीत होते, दोनच महिन्यांपूर्वी तपासले होते. डोळ्यांना काही झालेलं नव्हतं. डोळ्यांना जे शिकवलं गेलं होतं ते चुकीचं होतं. केशरी ठिपका कधीपासून कोण जाणे पडद्याच्या डाव्या बाजूला जातच नव्हता, म्हणून तिची नजरही तिकडे जायचं विसरली होती. सत्त्याण्णव टक्के एकमत खरंच होतं. सगळे मिळून एकाच बाजूला आंधळे झाले होते, आणि जो जितका अनुभवी तितका जास्त.

केंद्राच्या पट्ट्याखाली दाब मोजणारी पाटी होती. तालुक्यांच्या यंत्रांतून ती खर्चासाठी काढून टाकली होती, आणि मिरजेतही मागोवा आल्यापासून तिच्याकडे कुणी बघत नसे. ऋजुताने समृद्धीच्या त्या दिवसाची नोंद काढली. दोन्ही पायांच्या ठशांत टाच नव्हती. पाटीला ना अनुभव होता ना कुणी गुरू. तिला दोन्ही पाय सारखेच होते.

ती तडक डॉ. नेमिनाथ शेडबाळ्यांकडे गेली. शस्त्रक्रिया तेच करणार होते.

"सोमवारी सकाळी पहिलीच केस ती आहे," शेडबाळे म्हणाले. "आणि तू आज मला सांगतेस की अहवाल चुकलाय?"

"फक्त डावा पाय सैल केलात तर सगळा भार आखडलेल्या उजव्यावर येईल, सर. वर्षभरात कंबर फिरेल. आज निदान चालते तरी."

"अहवालावर तुझी सही आहे. खरवंडीकर सरांची आहे. मागोवाचा निष्कर्ष तोच आहे. इतके जण एकच गोष्ट सांगतायत, ऋजुता!"

"इतके जण नाहीत, सर. एकच माणूस इतक्या ठिकाणी बसलाय."

शेडबाळ्यांनी पेन खाली ठेवलं. ते वाईट माणूस नव्हते. पण त्या कुटुंबाने दोन वर्षं शस्त्रक्रियेची वाट बघितली होती. "सरांशी बोल," ते म्हणाले. "ते म्हणाले तर थांबवतो. तुझ्या एकटीच्या शब्दावर नाही थांबवू शकत."

रविवारी दुपारी ऋजुता सरांच्या घरी गेली. कुंदाकाकूंनी तिला बघताच तिसरं ताट घेतलं. नको म्हणण्याचा प्रश्नच नव्हता. वांग्याचं भरीत होतं, आमटी होती, डाव्या बाजूला मीठ, लिंबू, खोबऱ्याची चटणी आणि काकडीची कोशिंबीर. वरणभाताची मूद ताटाच्या मधोमध होती. ऋजुताने पहिल्या घासाआधीच सगळं सांगून टाकलं. तिला तो घास गिळताच आला नसता.

सर शांतपणे ऐकत होते. मधूनमधून भरीत-भाकरी खात होते.

"तू व्हिडिओ उलटे केलेस," ते शेवटी म्हणाले.

"हो."

"आरशात तुझी सही वाचून बघ. वाचता येईल? आणि पहिलीतल्या पोराला दाखव. त्याला सरळ काय आणि उलटं काय, दोन्ही सारखंच. चाल ही सही असते, ऋजुता. उलटी केलीस की जाणता माणूसच गडबडणार. तुझ्या अभ्यासात हाच दोष आहे."

क्षणभर ऋजुताला हायसं वाटलं. किती सोपं उत्तर होतं! तिला ते मनापासून हवं होतं. पण मग तिला फाइलने झाकलेला पडदा आठवला. तो व्हिडिओ तर सरळच होता.

"पण सर, पाटीवर टाचेचा ठसाच नाही."

"पाट्या बिघडतात," सर जरा तुटकपणे म्हणाले. "बारा वर्षं माझ्याजवळ शिकलीस आणि पाटीवर विश्वास ठेवतेस? खुर्चीची घाई झालीय का तुला?"

"अहो, काहीतरी काय बोलता!" काकू म्हणाल्या.

ऋजुताचे डोळे भरून आले. तिने मान खाली घातली. सरांनाही बोललेलं लागलं असावं. ताटाकडे बघत, विषय बदलावा तसं ते म्हणाले, "कुंदा, लिंबू नाही का आज?"

"वाढलंय की."

"कुठे आहे?"

"हे काय, ताटातच आहे. रोजचंच झालंय यांचं," काकू ऋजुताकडे वळून म्हणाल्या. "दोन वर्षं झाली. कोशिंबीर खात नाहीत, चटणीला हात लावत नाहीत. आधी मला वाटलं, रक्तदाबाचं मनावर घेतलंय. बरं, आवडत नसेल तर नको वाढूस म्हणावं, तर तसंही म्हणत नाहीत."

ऋजुताने सरांच्या ताटाकडे बघितलं. भरीत संपलं होतं, आमटीची वाटी रिकामी होती. मुदीचा उजवा अर्धा भाग नीट खाल्लेला होता, डावा अर्धा भाग कापून ठेवल्यासारखा जागच्या जागी. त्याच्या पलीकडे लिंबाची फोड, चटणी, कोशिंबीर, सगळं वाढलं तसंच. त्या ताटाच्या मधोमध एक रेघ होती.

तिच्याकडे येणाऱ्या रुग्णांत अशी माणसं असत. मेंदूच्या उजव्या बाजूला इजा झाली की काहींच्या जगाची डावी बाजू नाहीशी होते. डोळ्यांना दिसत असतं, पण मन तिकडे फिरकत नाही. आणि सगळ्यात भयंकर हे, की त्या माणसाला काही हरवल्याचं कळतच नाही. त्याच्या दृष्टीने अर्धं जग हेच पूर्ण जग असतं.

"काकू, सरांना मध्यंतरी काही झालं होतं का? चक्कर वगैरे?"

"दोन वर्षांपूर्वी झाली होती ना, पाडव्याच्या सुमाराला. दिवसभर डोकं जड होतं. उन्हाने झालं म्हणाले. डॉक्टरकडे येतील तर शपथ! तेव्हापासून गाडी मात्र मीच चालवते. दाराच्या चौकटीला यांचा खांदा आपटतो सारखा."

"कुठला खांदा?"

काकू थबकल्या. "डावा," त्या सावकाश म्हणाल्या.

"काय चाललंय तुमचं दोघींचं?" सर म्हणाले.

ऋजुता उठली. ज्या माणसापुढे तिने आवाज कधी चढवला नव्हता, त्याच्या ताटाला तिने दोन्ही हातांनी धरलं आणि ते अर्धं फिरवलं.

सर दचकून मागे सरकले. त्यांच्या पुढ्यात, उजव्या हाताला, लिंबू होतं, चटणी होती, कोशिंबीर होती, आणि अर्धी मूद होती.

"हे कधी वाढलंस?" त्यांनी काकूंना विचारलं.

काकूंनी तोंडावर पदर धरला होता.

सरांनी स्वतःच्या हाताने ताट पुन्हा पहिल्यासारखं फिरवलं. "गेली," ते म्हणाले. त्यांनी ताट फिरवलं. कोशिंबीर आली. पुन्हा फिरवलं. गेली. आयुष्यभर लोकांना चालायला लावून बघणारा तो माणूस आता आपलंच ताट फिरवून बघत होता, अगदी त्याच लक्षपूर्वक मुद्रेने. शेवटी ताट सरळ ठेवून त्यांनी बायकोला विचारलं, "आत्ता आहे तिथे?"

"आहे हो," काकू रडत म्हणाल्या.

सरांनी हात चाचपडत डावीकडे नेला. बोटं कोशिंबिरीत बुडाली. ओली बोटं समोर आणून त्यांनी ती बघितली. बोटांना काकडीचे बारीक कण लागले होते.

"माझा चष्मा," ते म्हणाले. "दोन वर्षं तो हेच टिपतोय." त्यांचा आवाज एकदम म्हातारा झाला होता. "दर तिमाहीला. आणि तुम्ही सगळे..." त्यांनी मान वर केली. "शेडबाळेला फोन लाव."

फोनवर शेडबाळे म्हणाले, "सर, पण अहवाल तर तुमचाच आहे."

"म्हणून तर सांगतोय," सर म्हणाले. "माझा आहे, म्हणूनच फाड."

सोमवारी समृद्धीची शस्त्रक्रिया झाली नाही. त्या वेळेला सर स्वतः मेंदूच्या तपासणीच्या यंत्रात झोपले होते. मेंदूच्या उजव्या बाजूला, मागच्या अंगाला, एक लहानशी जुनी जखम निघाली. कुणाच्याही नकळत येऊन गेलेला झटका. पंगतीत परक्या पोराचा आजार ओळखणाऱ्या माणसाच्या भोवती चाल आणि तोल ओळखणाऱ्यांचीच गर्दी होती, आणि एकालाही काही दिसलं नव्हतं.

पुढचे दिवस ऋजुताला धड आठवत नाहीत. खात्याचे अधिकारी तक्ता समोर धरून विचारत राहिले, "एकमत सत्त्याण्णव टक्के आहे, मग चूक कशी म्हणता?" त्यांना समजवायला तिने त्यांच्यातल्याच एकाला अर्धा पडदा झाकून व्हिडिओ दाखवला, मग एका वरिष्ठ परीक्षकाला तोच व्हिडिओ न झाकता दाखवला. दोघांची उत्तरं एकमेकांच्या अगदी उलट निघाली. मागोवा बंद झाला. बातमी फुटली. केंद्राच्या फाटकाशी पालक जमले. सहकाऱ्यांपैकी काहीजण तिच्याशी बोलेनासे झाले. आपले डोळे आपले राहिले नाहीत हे ऐकून घेणं कुणालाही सोपं नव्हतं. तिलाही नव्हतं. ती रोज अर्धा पडदा झाकून बघायचा सराव करायची. एखाद्या दिवशी डावी बाजू लख्ख दिसायची, आणि दुसऱ्या दिवशी नकळत तिथे पुन्हा 'बरा' हा शब्द येऊन बसायचा.

महिन्याभराने शेडबाळ्यांनी समृद्धीच्या दोन्ही पायांची शस्त्रक्रिया केली. ती पळेल की नाही, हे या वेळी स्वप्नालीला कुणीही छातीठोकपणे सांगितलं नाही.

मग ज्या मुलांवर त्या दोन वर्षांत उपचार झाले होते त्यांना एकेक करून परत बोलवायला सुरुवात झाली. सर पहिल्याच दिवशी आपणहून आले. काकूंनी त्यांना निरीक्षणाच्या खोलीत आणून बसवलं. त्यांनी खुर्ची तिरपी करून घेतली. डावीकडचं दिसावं म्हणून मान मुद्दाम फिरवायला ते नव्याने शिकत होते.

पहिला आला पार्थ खाडे, अकरा वर्षांचा. वर्षभरापूर्वी त्याच्या डाव्या पायाची शस्त्रक्रिया झाली होती. तेव्हा तो आखडत का होईना, स्वतःच्या पायांनी शाळेत जायचा. आता त्याच्या काखेत कुबडी होती आणि कंबर एका अंगाला फिरलेली होती. त्याचे वडील दिगंबर खाडे दारातच उभे राहिले.

"घरी व्यायाम घेत नाही म्हणून असं झालं, असं तुम्हीच म्हणालात मागं," ते ऋजुताला म्हणाले. आवाजात राग नव्हता, आणि तेच तिला सोसवेना. "त्याच्या आईनं तेव्हापासून नोकरी सोडलीय. दोन्ही वेळा व्यायाम घेती. तरीबी आम्हाला वाटायचं, आपलंच काहीतरी चुकतंय."

"तुमचं काही चुकलं नव्हतं," ऋजुता म्हणाली. "चूक आमची होती."

खाडेंनी पोराच्या पाठीवर हात ठेवला. पार्थने कुबडी भिंतीला टेकवली आणि पट्ट्यावरून चालायला सुरुवात केली. टोकापर्यंत येईस्तोवर त्याला घाम फुटला होता.

सर मान वळवून वळवून बघत होते. डावीकडे नेलेली नजर पुन्हा पुन्हा घसरत होती, ते ती पुन्हा ओढून नेत होते. अखेर त्यांनी डोळे मिटून घेतले.

"ऋजुता, तू सांग," ते म्हणाले. "मला दिसत नाही."

सगळ्यांच्या नजरा तिच्याकडे वळल्या. तीस वर्षांत त्या खोलीत ते वाक्य कुणी उच्चारलं नव्हतं. ऋजुताने पट्ट्याकडे बघितलं, पार्थच्या उजव्या पायाकडे बघितलं. तिला वाटलं, दिसलं. मग वाटलं, नाही, ते आपण ठरवलं. आतून जुनं उत्तर तयार होऊन वर येत होतं, नेहमीसारखंच झटकन, नेहमीसारखंच ठाम. तिने ते ओठांवर येऊ दिलं नाही.

"मलाही नीट दिसलं नाही, सर," ती म्हणाली.

"मागच्या टायमाला तर बघितल्याबरोबर सांगितलं होतंत," खाडे म्हणाले.

"हो," ऋजुता म्हणाली. ती उठली, पट्ट्यापाशी गेली आणि पार्थसमोर जमिनीवरच बसली, त्याच्या उजव्या पायाच्या अगदी जवळ. "दमलास का रे? थोडा वेळ बस. मग पुन्हा एकदा चालून दाखवशील?"

पार्थने वडिलांकडे बघितलं. खाडेंनी होकाराची मान हलवली. पोरगा तिच्या खांद्याचा आधार घेऊन खाली बसला.